रंधा मशीन मीच निवडलं

नेदा,

रुमेनाला मागच्या शेडमध्ये जाऊ देऊ नकोस. मधपेटीच्या आखूड पट्ट्या रंधा मशीनवर तासताना तिच्या नवऱ्याची, आपल्या ल्यूबेनची, तीन बोटं तुटली. दोन बोटं दह्याच्या डब्यात बर्फावर घेतली आहेत. शेजाऱ्याच्या गाडीने ल्यूबेनला प्लोव्दिवच्या इस्पितळात नेतोय.

दुकानदार म्हणाला होता, "आजोबा, लहान घ्या, पात्यावर झाकण असलेलं." मी सुतारकामाच्या पुस्तकावर विसंबून लांब टेबलाचं, उघड्या पात्याचं जुनं मशीन घेतलं. ल्यूबेन आता कण्हत म्हणतो, "बाबा, बोटं शिवायचं पुस्तक नका काढू."

तिसरं बोट भुशात कुठेतरी उडालंय. चष्म्यावर रक्त आहे, मला सापडत नाही. तू शोध. ओल्या फडक्यात गुंडाळ, पिशवीत घाल, बर्फावर ठेवून लगेच आण. लग्नाची अंगठी त्याच बोटात आहे, चकाकेल.

स्तामेन