डॉक्टरीणबाईंनी माझा कप उष्टावला

चिमणे, तुला ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या मालकांचा खोकला आणि तुझ्या सुनेचं तोंड ही तिन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते.

तर सगळ्यात आधी आला तो इस्पितळाचा कागदवाला, हातात यादी घेऊन, आणि त्याच्या मागून डॉक्टरीणबाई. (शेजारीण त्यांच्याही आधी दारात होती, पण ती आली असं आपण म्हणत नाही, ती असतेच.) अकरा वर्षांपूर्वी ज्यांना त्या ‘बी’ काविळीवर रोजची गोळी सुरू केली, त्यांचं पुढे काय झालं ते जुन्या इस्पितळाने घरोघर जाऊन लिहून घ्यायचं ठरवलंय म्हणे. कागदवाल्याने माझं नाव वाचलं आणि मलाच विचारलं, "त्या केव्हा गेल्या?" मी म्हटलं, "अजून निघाले नाही. बसा."

त्याचा तरी काय दोष? यकृत कडक होत चाललंय म्हटल्यावर तेव्हा तुम्ही सगळेच माझा निरोप घ्यायला आला होतात. थोरल्या लेकाने कपाट नेलं, जावेने पातेली, तू शिलाई मशीन. मी म्हटलं, न्या बाई, मला आता काय करायचंय! मग मी रोज पहाटे रिकाम्या पोटी एक गोळी गिळत राहिले आणि मरायचं राहूनच गेलं. लोकांची फार पंचाईत झाली. नेलेलं परत आणावं तर लाज, ठेवावं तर म्हातारी समोर धडधाकट. दोन वर्षांनी रक्तात विषाणू सापडत नाही असं आलं, तेव्हा मी शहाणीने कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. (चार यत्तांत एवढीच अक्कल मिळते.) पाच महिन्यांत डोळे पिवळे, पोटात पाणी. जवळच्या दुसऱ्या इस्पितळात उचलून नेलं आणि पुढे तिथलीच झाले, म्हणून जुन्यांच्या यादीत माझ्यापुढे फुली. तेव्हाही सगळे पुन्हा निरोपाला आले. पण चिमणे, दुसऱ्या खेपेला कोणी फारसं रडलं नाही. थोरला तर सारखा घड्याळ बघत होता. न्यायला काही उरलंच नव्हतं ना, मग बिचाऱ्याला बोलायला विषय सुचेना.

त्यानंतर एक दिवस गोळी चुकवली नाही. मी फाइल पुढे केली तशी डॉक्टरीणबाई हरखून गेल्या. विषाणू सापडत नाही, आणि बरगडीला टिचक्या मारणारं ते यंत्र म्हणतंय की यकृत पुष्कळ मऊ झालंय. (या घरात एवढंच काय ते मऊ झालं.) रोग गेला नाही, दबून बसलाय, म्हणून गोळी चालूच ठेवायची आणि यकृतात कॅन्सरची गाठ नाही ना हे बघायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. माझ्यासोबत बाकावर बसायची ती इस्त्रीवाली आठवते? तिचं विचारलं, तर बाईंनी यादीतली तिच्यापुढची फुली दाखवली. ती फुली मात्र खरी. ती इस्पितळात आली तेव्हाच गाठ झालेली होती. दुखत नव्हतं म्हणून आली नव्हती.

मग विचारलं, गोळीचा काही त्रास? म्हटलं, गोळीचा नाही. तेवढ्यात धाकटी सून चहा घेऊन आली. माझ्या कपावर तिने नखरंगाचा लाल ठिपका देऊन ठेवलाय, आणि बाईंनी नेमका तोच उचलला. सून किंचाळली, "अहो तो नको, तो आईंचा!" बाईंनी ठिपका बघितला, माझ्याकडे बघितलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायल्या. म्हणाल्या, कपताटाने हा पसरत नाही. रक्ताने पसरतो, नाहीतर जन्मताना आईकडून बाळाला. सून म्हणते, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." (इस्पितळातून मी आणलेली माहितीची पत्रकं तिने कप्प्यांत अंथरली आहेत.) लस टोचलेली नात कधी माझ्या मांडीवर दिली नाही. आता ती अकरा वर्षांची, मांडीत मावत नाही. पण सुनेचं ते तोंड! मी तीन दिवस हसतेय.

पुढे बाईंनी विचारलं, आई कशाने गेली? म्हटलं, पोट फुगून. लोक म्हणायचे, काळजीने. मग, भावंडं? या प्रश्नाला मी अकरा वर्षं "कोणी नाही" म्हणत आलेय. तूच कानात म्हणाली होतीस ना, "ताई, माझं नाव घालू नकोस, पोराचं लग्न जमतंय." पोराचं लग्न जमलं, मोडलं, दुसरं झालं, आणि मी आपली बिनभावंडांची.

असो. पत्र आनंदाचं आहे, आनंदाने वाच.

तुझी ताई

ता. क. या वेळी मी सांगून टाकलं की एक धाकटी बहीण आहे, त्याच आईची. शब्द मोडला. शिव्या दे, पण इथे येऊन दे. मला काही होत नाही, असं लिहू नकोस. मलाही काही होत नव्हतं.

आणखी एक ता. क. ते दोघं पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला परत येणार आहेत, रक्त घ्यायला. घरात आम्ही दोघी बहिणी असू, असं मी त्यांना सांगितलंय.