भोपळ्याची अंघोळ

२ फेब्रुवारी, सकाळ

पणती झाली. शुक्रवारीच झाली, पण फोटो आज आला. नाक आमच्याकडचं. सून म्हणते, आई, एवढ्या लहानपणी नाकाला आकार नसतो. तिच्या माहेरी मोठेपणीही नसतो, पण ते असो.

नातीशी फोनवर बोलले. लहानपणापासून आम्ही तिला चिमणी म्हणतो, आता चिमणीला पिल्लू झालं. महिन्याभराने घेऊन येणार आहे राहायला. मी म्हटलं, आलीस की बाळाची अंघोळ माझ्याकडे. तुझ्या बापाला मीच घातली, तुला मीच घातली. तर म्हणाली, आजी, तुझे हात थरथरतात गं. गेल्या खेपेला पाण्याचा पेला दिलास तो निम्मा माझ्या पोटावर सांडला. मी म्हटलं, पोट पुढे आलं होतं त्याला मी काय करू. हसली. पण सोडेना. म्हणाली, नर्सबाई सांगतात कॉफीने हात थरथरतात. तो पहाटेचा मोठा मग बंद कर. मी आले की भरलेला पेला ओट्यापासून खिडकीपर्यंत ने. सांडला नाही तर अंघोळ तुझी.

एवढंच ना. उद्यापासून कॉफी बंद. आमच्या ह्यांना सोडायची फार हातोटी होती, सिगारेट तर दर वर्षी सोडायचे. घराण्यातच आहे.

शेवटचा दिवस म्हणून आज दोन मग घेतले.

३ फेब्रुवारी, पहाट

गरम पाणी आणि लिंबू. चव छान आहे. भांडी घासल्यावर हाताला वास येतो ना, तशी.

३ फेब्रुवारी, दुपार

डोकं दुखतंय. कॉफीचा संबंध नाही. खिडकी उघडी राहिली होती.

मुलगा लिफ्टा दुरुस्त करतो, सकाळी बसायला वेळ नसतो, ओट्याशी उभा राहूनच कॉफी पितो. मी सहज शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणाला, आई, माझ्या कपात डोकावू नकोस, नाक आत पडेल. वास घेणं म्हणजे पिणं नव्हे, हे त्याला कोण सांगणार.

५ फेब्रुवारी

भाजलेल्या जवाचं पेय. सुनेने आणलं. रंग हुबेहूब कॉफीचा. मन कसं फुलून आलं, आणि मग घोट घेतला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

६ फेब्रुवारी

मुलाच्या कपात तळाशी थोडी उरली होती. अन्न टाकू नये असं माझ्या आईने शिकवलं. आईचं ऐकलं. हे धरायचं नाही.

९ फेब्रुवारी

आमच्या इमारतीत तळमजल्याला जिम आहे. तिथली मुलगी फार गोड, मला बघितलं की खुर्ची देते. तिला सगळं सांगितलं. तिने गवताचा रस दिला. गाय एकदा गिळलेलं पुन्हा पुन्हा का चघळत बसते ते आज कळलं. बिचारीला पहिल्या खेपेला जात नसेल.

११ फेब्रुवारी

सापडलं. जिमवालीने डबा दिलाय. हिरवागार, वर पान. पुढे मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलंय, तेवढं मी वाचलं. मागे मुंग्यांएवढी अक्षरं आहेत, ती मुंग्यांसाठी असावीत. म्हणाली, आजी, हिरव्या बियांची पूड आहे. पहाटे एक चमचा गरम पाण्यात. बघा कशा पळायला लागाल. मी म्हटलं, बाई, मला पळायचं नाहीय, हात थांबवायचेत. म्हणाली, सगळं होतं त्याने.

चव गवताचीच, पण मागे कुठेतरी ओळखीचं माणूस उभं आहे असं वाटतं.

१२ फेब्रुवारी

काय सांगू. डोकं एकदम हलकं. पंखे पुसले. जाळ्या धुतल्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांतलं सामान इकडचं तिकडे केलं, आता कसं सोयीचं झालं. सून चमचे शोधत होती. म्हणाली, आई, निदान एक नकाशा काढून ठेवा.

कॉफी इतकी वर्षं मला फसवत होती. खरी एनर्जी ही.

१४ फेब्रुवारी

नैसर्गिक गोष्टीचं बरं असतं, जास्त झाली तरी अपाय नाही. एका चमच्याचे तीन केले.

पणतीची टोपी विणायला घेतली, जेवायच्या आत झाली. थांबताच येईना, म्हणून जरा लांबली. मोज्यासारखी दिसते. बाळ वाढेलच की.

हात थोडे जास्त हलतायत. जिमवालीला विचारलं. म्हणाली, टॉक्सिन बाहेर पडतायत आजी. पडू देत. आयुष्यभराची साठवण, एका दिवसात कशी पडेल. मुलगा बघत होता. म्हणाला, आई, तू लिफ्ट असतीस ना, तर मी तुला बंद करून दाराला पाटी लावली असती.

१७ फेब्रुवारी

सराव हवा. भाजीवाल्याकडे गेले, म्हटलं महिन्याच्या बाळाएवढा भोपळा दे. त्याने विचारलं, मुलगा की मुलगी. मेला. पण चांगला गोल निवडून दिला.

टबात कोमट पाणी घेतलं. मानेखाली हात, मग साबण, मग पाठ. हाताला सगळं आठवतंय. एकदा सुटला, पण पाण्यातच. लागलं नसेल. पुसून टोपी घातली. बसली. टोपी लांब नाहीच मुळी, डोकं तसं हवं.

पेलाही नेऊन बघितला. सांडला थोडा. फरशी उताराची आहे.

१९ फेब्रुवारी

बसवत नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही. भोपळ्याला आज दोनदा अंघोळ.

मनात येतं, नाव किती बरोबर ठेवलंय, पणती. ओंजळीत धरायची आणि वारा लागू द्यायचा नाही. माझ्या तर हातातच वारा शिरलाय.

टॉक्सिनचा शेवटचा लोट असणार. उद्यापासून चार चमचे.

२१ फेब्रुवारी

भोपळा पडला. साबण लावताना सुटला तो टबाबाहेर, फरशीवर. दोन तुकडे झाले. सून धावत आली. टबाशेजारी भिजलेली त्याची टोपी उचलून दोरीवर वाळत घातली. मुलगा म्हणाला, भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, तो हाच का गं. याच्यासाठी याला शिकवला.

संध्याकाळी त्याचीच भाजी. सगळ्यांनी खाल्ली. मला घास गेला नाही. इतके दिवस अंघोळ घातलेली.

२२ फेब्रुवारी

सुनेने डबा उलटा करून मागच्या मुंग्या वाचल्या. चष्मा पुसून परत वाचल्या. म्हणाली, आई, या हिरव्या बिया म्हणजे न भाजलेली कॉफी आहे. मी म्हटलं, अगं, नैसर्गिक लिहिलंय. म्हणाली, मग कॉफी काय कारखान्यात उगवते. माझे चार चमचे म्हणजे रोजचे किती मग होतात ते बोटांवर मोजायला लागली. मी म्हटलं, मोजू नकोस, बोटं पुरायची नाहीत.

खाली जाऊन जिमवालीला जाब विचारला. तिने खुर्ची दिली. म्हणाली, आजी, मी एक चमचा सांगितला होता.

तरी मी कॉफी सोडली होती हे खरं. तिनेच मला सोडलं नाही.

२३ फेब्रुवारी

नुसतं पाणी. आठवडा आहे अजून. होईल.

२७ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं, ते थांबलं. रात्री झोप लागते. हात पुष्कळ थांबलेत. अगदी नाही, पण पुष्कळ. पहिल्याइतके.

म्हणजे कॉफी बंद, पूड बंद, टॉक्सिनही संपले असणार. मग आता हलवतंय काय. ते लिहीत नाही.

२ मार्च

आले सगळे. फोटोपेक्षा गोड आहे. मला मांडीवर दिली, खाली उशी ठेवून. जांभई दिली तिने, अख्ख्या तोंडाची. नाक आमचंच.

मग मीच म्हटलं, आण तो पेला. काठोकाठ भरला. ओट्यापासून निघाले. सगळे पेल्याकडे बघत होते, बाळसुद्धा. खिडकीशी पोचले तेव्हा पेल्यात निम्मं होतं. मी म्हटलं, फरशी उताराची आहे. मुलगा म्हणाला, हो, आहे, मी उतार मोजायची लेव्हल लावून बघितलीय. कधी लावली कोण जाणे. चिमणीने फरशी पुसली. मग माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, आजी, पाणी किती गरम हवं ते आम्हाला मेलं कळत नाही. ते तू बघशील का. कोपर बुडवून.

कोपर माझं जराही हलत नाही. दाखवलं तिला.

५ मार्च

अंघोळ रोज मीच घालते म्हटलं तरी चालेल. नुसतं बाळ धरायचं काम नातजावई करतात. बस चालवतात ते, हात स्टिअरिंगवर मुरलेले. पण धरणं म्हणजे काय, हमाली. माझं कोपर ठीक म्हणेपर्यंत कोणी पुढे होत नाही.

टबात एक पिवळं बदक तरंगत असतं. पोटावर काचेची नळी, त्यात लाल रेघ आणि आकडे. जावई म्हणाले, शोभेचं आहे आजी. मात्र माझं कोपर बुडायच्या आधी ते बदकाकडे बघून मान डोलावतात. माणूस प्रेमळ आहे.

आज मी मुद्दाम म्हटलं, थांबा, गार आहे. तोवर बाळ पाण्यात होतं. आणि हसत होतं.

ऐकू आलं नसेल त्यांना.

पहाटे कॉफी घेतली. एकच मग. कोपराला चालते.