अकरा कार्डं

१८ एप्रिल
वडनेर भोलजीहून रिक्षाने पाऊण तास, पण ऊन सोडलं तर प्रवास छान झाला. इथल्या खाऱ्या पाण्याने किडन्या जातात, म्हणून आमच्या विद्यापीठाने सौर ऊर्जेवर चालणारं शुद्धीकरण यंत्र बसवलं. माणशी एक कार्ड, रोजचं पाणी ठरलेलं. कोण किती पितं आणि रक्तात काय फरक पडतो, हे जुळवणं माझं काम. यंत्र मनकर्णाबाई सांभाळतात. एवढं शिकून पाणी मोजायलेच आल्या काय, असं त्यांनी विचारलं. त्यांची नऊ वर्षांची नात प्रेरणा खूप हसली. मीही हसले.

२१ एप्रिल
नोंदींत अकरा कार्डं मयतांची निघाली. सगळे किडनीने गेलेले. त्यांत प्रेरणाचा बाप गोविंदाही आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्याच्या नावाने घागर भरतात हे मला माहीत होतं. या अकरा घरी त्या कार्डांवर रोज दुपारी भरतात. संध्याकाळी घागर रिकामी असते. उन्हाने पाणी आटत असेल, असं मी म्हणाले. मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टरनं माह्या गोविंदाले दोन पेले पाणी बांधून देल्लं होतं. तहानलेलाच गेला. आता बी नाई म्हणू काय त्याले? नाई देल्लं तं ते घरातल्याचं पेतीन."

२२ एप्रिल
अकराही कार्डं बंद केली. मेलेल्यांचं पाणी अभ्यासात धरणं अप्रामाणिक ठरलं असतं. तरी मनाला बरं वाटत नाही.

२५ एप्रिल
प्रेरणाला दोन दिवस लघवी नाही. त्या अकराही घरांत एकेक जण असाच पडला आहे. मार्चच्या तपासणीत सगळ्यांचं रक्त चांगलं होतं. यंत्राचं पाणी तीनदा तपासलं. शुद्ध आहे.

२७ एप्रिल
कार्डं परत चालू केली. घागरी भरल्या. संध्याकाळी पाहिल्या, काठोकाठ तशाच.

२८ एप्रिल
प्रेरणाला शेगावच्या दवाखान्यात हलवलं. सलाईन संपतं, अंग कोरडंच. ओठांना भेगा. मीही पाणी बांधूनच दिलं होतं. त्या डॉक्टरपेक्षा मी वेगळी कशी?

२९ एप्रिल
मनकर्णाबाईंचा शेगावहून फोन आला. "त्यायले आता पाणी नाई पायजे, मॅडम. अंगातल्या पाण्याची चव लागली." आखाजीला दारात उभं राहून नावाने बोलावलं तर ते आपलं घर सोडून त्या दारी येतात, म्हणाल्या. पण आता कोण बोलावीन, असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.

३० एप्रिल, आखाजी. दुपार
माझ्या खोलीच्या दारात अकरा रिकाम्या घागरी मांडल्या. अकरा नावं घेतली. गोविंदाचं शेवटी.

फोन. प्रेरणाला लघवी झाली. बाई रडत होत्या. मलाही रडू यायला हवं होतं, पण डोळे—

जीभ टाळूला चिकटते. दहा आत आलेत. गोविंदा उंबऱ्यावरच, खाली मान घालून. विचारतो आहे, येऊ का—

हो म्हटलं.

नोंद पुरी करायला हवी. वजन सकाळी अठ्ठावन्न किलो. आत्ता पन्नास. आत्ता—