वाचनालयाच्या मातीच्या भिंती

पवनार, सोमवार

मधुकरराव यांस,
घाईतला नमस्कार.

काल अकोल्याहून येऊन तुम्ही दुरुस्तीचं काम बघणाऱ्या त्या तरुण आर्किटेक्टला, अंकिताला म्हणालात, "पोरी, तुझ्यामुळे हे जुनं वाचनालय वाचलं." ते मला लागलं, म्हणून हे पत्र. फोनवर मी भांडले असते.

माझी प्रकृती ठीक आहे. शकुबाई दोन्ही वेळ गरम जेवू घालते. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना?

मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका, ओल आत कोंडते आणि माती सुटते, हे मी इथल्या शाळेत शिकवत होते तेव्हापासून सांगत आले. तेव्हा पंच म्हणाले, "बाई मोठी कंजूस हाय." तेच अंकिताने नकाशा पसरून सांगितलं, तर टाळ्या! मुलगी हुशार आहे, हेच मला जास्त झोंबतं.

आज छपरावरचे कवेलू फेरायला माणसं आली. मी म्हटलं, वळचणीपासून सुरू करा. त्यांच्यातला रूपराव म्हणाला, "थांबा बाई, म्याडमले इचारून घेतो." अंकितानेही तेच सांगितलं. तो लगेच चढला.

शकुबाई म्हणाली, "काऊन जळून राह्यल्या, बाई? तुमचंच तं काम होऊन राह्यलं." पावसाआधी छप्पर व्हायला हवं, आणि दोघींचे हुकूम ऐकत माणसं नुसती उभी राहतात.

म्हणून आज अंकिताकडे सोपवलं: दाराची किल्ली, शिडी आणि परसात रचलेले जुने कवेलू. उद्घाटनाचं भाषण दिलेलं नाही. ते मी करणार. तुम्ही पहिल्या रांगेत बसून नीट ऐका.

तुमची,
सुलोचना