फाडलेला संमतीचा कागद

माय, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. आता बाप होणार आहे. तेव्हा तुला पुन्हा लेकराची चाहूल लागली आणि डॉक्टरांनी तुझ्या फिटच्या गोळ्या बंद केल्या. पोटातल्या जिवाला काय होईल सांगता येत नाही म्हणे, पोटुश्या बायकांवर कुणी तपासलेलंच नाही. वडिलांनी डबी फडताळावर, तुझा हात पोचणार नाही अशी ठेवली. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मना पोटमा लेकरू शे, पन मी बी शे ना." तूही आहेस, हे ऐकून कुणी मान वर केली नाही. पाचव्या महिन्यात न्हाणीत फिट आली. दार तोडेपर्यंत तू गेली होतीस, पोटातलं लेकरूही. आपल्या एरंडोलला सगळे म्हणत होते, लेकराला जपता जपता गेली बिचारी. जपलं कुणाला, सांग ना.

धुळ्याला कॉलेजात एक मुलगी वर्गात फिट येऊन पडली. पोरं तिच्या नाकाला चप्पल लावायला धावली. मी एकाच्या कानाखाली वाजवली, तिला कुशीवर वळवलं. शुद्धीवर येऊन ती म्हणते, "मारामारी नंतर कर, आधी पाणी दे." तिथंच मी कामातून गेलो. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, घरच्यांशी भांडून तिच्याशीच लग्न केलं.

गेल्या आठवड्यात जळगावला तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "गोळ्या चालूच ठेवायच्या. पण गरोदरपणी त्या रक्तात किती उरतात, हे पुरेसं मोजलेलं नाही, आम्ही बराचसा अंदाजच करतो. आमच्या अभ्यासात येशील? दर महिन्याला थोडं रक्त द्यायचं. नाही म्हणालीस तरी उपचारात फरक नाही." संमतीचा कागद दोनदा वाचून तिनं पेन उचललं. मी कागद ओढून फाडला. म्हणालो, "माझी बायको काय उंदीर आहे का, प्रयोग करायला?" ती एवढंच म्हणाली, "उंदराला कुणी विचारत नाही. मला विचारलं होतं." आणि तिथूनच रावेरची बस धरून माहेरी गेली.

काल तिचा फोन आला. नवा कागद मागवून सही केली म्हणे. "कळवतेय, विचारत नाही," म्हणाली आणि ठेवला.

मित्रांना सांगतो, तुझी आठवण आली म्हणून हात चालला. खोटं आहे, माय. त्या घटकेला तू डोक्यातही नव्हतीस. बाईंनी कागद माझ्याकडे नाही, तिच्याकडे सरकवला, तेवढंच झोंबलं. हे खरं तर तिला लिहायचं होतं. तुला लिहीत बसलो, कारण तू उलट बोलणार नाहीस.