तुझ्या नावाची माझी गाठ

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम गुडघ्यांची चौकशी, म्हणून भुवया चढवल्याच असशील. चढव, माझी तक्रार नाही.

ताईकडचं ते जेवण आठवतं ना? (मला रोज आठवतं.) तू मला दाराआड घेऊन हळूच म्हणालास, अंडकोशाशी गाठ लागतेय, तुमच्या लॅबमध्ये असल्या गाठी तपासतात ना? आणि मी जेवायला बसलेल्या बारा माणसांना ऐकू जाईल असं ओरडलो, "दादाला तिसरं आलंय!" सगळे पोट धरून हसले. तू न जेवता निघून गेलास. गाठ साधी निघाली, हेही मला ताईकडून कळलं.

आता माझं ऐक. महिन्यापूर्वी आंघोळ करताना मलाही तिथेच लागली, वाटाण्याएवढी. बावीस वर्षं मी लोकांच्या गाठी कापतोय, पण स्वतःची सापडल्यावर पहिली धास्ती लॅबमधल्या मंडळींची. (असल्या गाठींच्या बाटल्या आल्या की विनोद करायला त्यांना मीच शिकवलंय.) म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाचा दवाखाना शोधला, आणि नाव विचारल्यावर माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. घाबरलो की मला लहानपणापासून तूच आठवतोस, त्याला मी काय करू? सर्जन म्हणाले, पाण्याची गाठ आहे, पण भिंत एका बाजूला जाड लागतेय, काढून तपासायला पाठवू. कुठे पाठवणार, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. ऑपरेशनची सुट्टी संपवून कामावर आलो, तपासायला आलेल्या नमुन्यांचं खोकं उघडलं, तर फॉर्मॅलिनच्या बाटलीत माझी गाठ आणि वर तुझं नाव!

करतो काय? माप घेतलं, रंग लिहिला, मेणाच्या वडीत बसवली आणि यंत्रावर तिचे पापुद्रे काढायला लागलो. माझा पापुद्रा सहसा फाटत नाही. त्या दिवशी तीन फाटले. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "काका, आज पापुद्रे का फाटतायत? ओळखीचं आहे का कोणी?" मी म्हणालो, "भाऊ आहे माझा." तिने मान खाली घातली आणि माझ्यासाठी चहा आणला. कोणीही विनोद केला नाही. दादा, गप्प राहणं इतकं सोपं होतं. तू घाबरून माझ्याकडे आला होतास आणि मी तुझं हसं केलं. माझं चुकलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : रिपोर्ट तयार आहे. मी पापुद्र्यांच्या काचा फक्त बनवतो, सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात आमच्या डॉक्टर मॅडम. आणि रिपोर्ट ज्याचा त्यालाच, ओळखपत्र पाहून, सही घेऊन द्यायचा असा आमच्याकडे नियम आहे. (भिंतीवर लावलाय, अक्षर माझंच.) नाव खोटं दिलं हे मॅडमना मीच सांगणार आहे, पण एकट्याचा पाय उचलत नाही. गुरुवारी येशील?

ता. क. दुसरा : पाकिटावर मॅडमनी पेन्सिलीने लिहिलंय, 'पेशंटने घरचं माणूस सोबत आणावं.' त्या हे उगाच लिहीत नाहीत. तू ये. यावेळी मी हसणार नाही.