लिमिटमधलं दार

प्रिय दादा,

प्रिय लिहिताना हात आखडत होता, पण आईनं लावलेली सवय आहे, मोडवत नाही. मला लिहायचा कंटाळा, तुला माहीतच आहे. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून लिहिते.

तू डिझाइन केलेल्या बिल्डिंगीत बहीण राहते म्हणून केवढा मिरवलास. आम्हीही मिरवलो, खोटं कशाला बोलू. मग बेडरूमचं दार घासायला लागलं. तुला बोलावलं तर सुताराला घेऊन आलास, दार खालून तासलंस, चहा प्यायलास, गेलास. दार परत घासायला लागलं. तेव्हा म्हणालास, स्वयंपाकघराखालचा बीम आखूड आहे, तो ताठ राहतो. बेडरूमखालचा लांब आहे, तो वाकतो. पण बीमला जेवढं वाकायची मुभा असते, त्या लिमिटमधे दोन्ही आहेत. मी विचारलं, अरे पण दाराची भिंत दोन्ही बीमांवर टेकलीय ना, या दोघांच्या वाकण्यातला फरक कुणी बघितला का? तर हसलास. म्हणालास, चौथीत शाळा सोडलीस, आता बीम शिकवतेस होय! हेही हसले. म्हणे तुझा भाऊच सांगतोय तर असेल बरोबर.  कपाट उचलणारे दोघं धडधाकट असले तरी एक वाकला की कपाट तिरकं होतं, एवढं मला कळतं. पण ते काय लिमिटमधे येत नसेल.

गेल्या आठवड्यात बाळ आत झोपलेलं आणि दार वाऱ्यानं आपटून बसलं. हलेना. आत बाळ रडतंय, बाहेर मी दारावर डोकं आपटतेय. रडता रडता बाळाचा आवाज एकदम थांबला. दादा, ती शांतता तुझ्या कुठल्या लिमिटमधे बसते रे? शेजारच्या काकांनी लाथा घालून दार उघडलं. पोर पलंगावरून पडून पलंगाखाली गेलेलं, हुंदके देऊन देऊन दमलेलं. 

तुला कळवलं, तर म्हणालास, उगाच घाबरतेस. रविवारी आलास, वहिनी आणि छकुलीला घेऊन. छकुली खेळायला त्या खोलीत पळाली, आणि बोलता बोलता तू उठलास, बाहेर काढलेला बूट आणलास आणि दाराच्या फटीत घातलास. कुणाला कळलं नाही असं वाटलं तुला. मी बघितलं. वा रे इंजिनिअर! भाच्याला लिमिट आणि लेकीला बूट!

हे पत्र टपालानं आलेलं नाही, ते तुला दिसतंच आहे. दार मी बिजागऱ्यांसकट काढलं, टेम्पोत घातलं आणि तुझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभं करून त्यावर हे चिकटवलं. येणाजाणाऱ्यांनी वाचलं तर वाचू दे. खालून टेकू लावून तो लांब बीम नीट करशील तेव्हाच दार परत घेऊन ये. तोवर माझ्या खोलीला दार नाही, आणि बाळ मला सगळीकडून दिसतं.

तुझीच, चौथी नापास,
धाकटी